आंब्यावरची नोटीस

"उंबरावर लाव. आंब्यावर कशाला लावतोयस? तोडायचा उंबर हाय," मी दारातनं ओरडलो.

नगरपरिषदेचा शिपाई बिरू आमच्या आंब्यापाशी उभा होता. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात हातोडी आणि ओठांत खिळे धरलेले. त्यामुळं त्याला बोलता येत नव्हतं, किंवा बोलायचं नव्हतं. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, नोटिशीचा कागद आंब्याच्या बुंध्यावर चोपडला आणि वरच्या अंगाला एक खिळा ठोकून दिला.

मी पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेलो. "बिरू, मी काय म्हणालो?"

त्यानं उरलेले खिळे तोंडातनं काढून खिशात टाकले. "मालक, उंबराला खिळा मारू? मला पोरंबाळं हायत."

"मग नुसता खळीनं चिकटव."

"खळ बी नगं. कागदात काय लिवलंय ते ठावं हाय मला. दत्ताच्या झाडाला त्येच्या मरणाचा कागुद मी न्हाई चिकटवणार. हितंच ऱ्हाऊ द्या. उंबर काय लांब हाय का? बघणाऱ्याला कळतंय."

एवढं बोलून तो सायकलवर बसला. उंबराजवळून जाताना त्यानं एक हात सोडून छातीला लावला आणि निघून गेला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण बिरूची ती पाठ आठवली की अजून माझं डोकं तापतं.

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कृष्णाकाठचं गाव. इथं उंबर म्हणजे दत्ताचं ठाणं. गुरुवारी बायका त्याला फेऱ्या घालतात, पोरं त्याच्या आडोशाला उभी राहत नाहीत, आणि गावात कुणी उंबर तोडल्याचं आजवर ऐकिवात नाही. आपला आपण वाळून पडला तर पडतो. मी मात्र मोटरी भरणारा माणूस. विहिरीवरची जळालेली मोटर घ्यायची, आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची. त्या धंद्यात नवसाला जागा नाही. तार नीट भरली तर मोटर चालते, नाही तर पुन्हा जळते. बाकीच्या जगाचाही कारभार असाच चालत असावा, असं मी धरून चाललो होतो.

घर आमचं रस्त्यालगत. पुढच्या खोलीत पूर्वी आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानापुढं सावली नव्हती म्हणून आबांनी लग्नाआधी कधीतरी एक कोय पुरली होती, तिचा हा आंबा. जातीचा रायवळ, पिकला तरी आंबटच. पण त्याच्या कैऱ्यांचं लोणचं चांगलं होई, म्हणून अर्धी गल्ली त्याच्यावर हक्क सांगायची. आबांनी सगळा जन्म त्याच्याखाली बसून पंक्चरी काढल्या. सायकल उलटी टांगायला खालच्या फांदीला त्यांनी साखळी बांधली होती, आणि फांदीनं ती साखळी हळूहळू पोटात घेतली होती.

उंबर त्याच्या अलीकडं, घराच्या कोपऱ्याला. तो कुणी लावला नव्हता. उंबर कुणी लावत नाही, तो उगवतो. आमचं अंगण संपतं आणि रस्ता सुरू होतो तिथं, नेमक्या त्याच ठिकाणी तो उगवला होता. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही. बुंधा आतनं पोकळ झालेला, आणि सगळा भार आमच्या कौलांवर आलेला.

आबांच्या अंगावरनं वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा आम्ही त्यांची खाट त्याच दुकानाच्या खोलीत, खिडकीला लागून टाकली. खिडकीतून आंबा दिसे आणि आंब्याखालून जाणारा येणारा दिसे. माणसं खिडकीशी थांबून "आबा, बरं हाय का?" म्हणत, आणि आबा डावा हात वर करत. बोलणं जवळपास बंदच झालं होतं. एखादा शब्द यायचा, तोही ओढून आणल्यासारखा.

नोटिशीच्या आदल्या पावसात उंबराची एक फांदी मोडून कौलांवर आली. वासा मोडला, कौलं फुटली आणि त्यांचा सगळा चुरा आबांच्या अंगावर पडला. मी धावत गेलो तेव्हा ते तोंडावरची माती डाव्या हातानं पुसत होते. फांदी खाटेपासून हातभर अंतरावर पडली होती. ते अंतर मी किती दिवस झोपेत बघत होतो.

मी दुसऱ्याच दिवशी खाट मागच्या खोलीत हलवायला गेलो. आबा म्हणाले, "हितंच." मी म्हणालो, "आबा, पुढच्या पावसात सगळं झाड येईल अंगावर." ते म्हणाले, "हितंच," आणि पुढं काही बोलायचंच नाही असं ठरवून खिडकीबाहेर बघत राहिले. शालननं, माझ्या बायकोनं, समजावलं. डॉक्टरांनी समजावलं. मी चिडलो, ओरडलो. काही उपयोग झाला नाही. ज्यानं आयुष्यभर माणसांत बसून काम केलं, त्याला मागच्या खोलीत, मागल्या गोदामाच्या भिंतीकडं तोंड करून ठेवायचं, हे मलाही पटत नव्हतंच. आबा हलणार नसतील तर उंबर हलला पाहिजे. पुढचा पाऊस यायच्या आत. एवढं साधं काम होतं, असं मला वाटलं होतं.

गावात नगरपरिषद झाली तसा झाडांचा कायदाही दारात आला होता. आपल्या जागेतलं झाड काढायचं तरी अर्ज करायचा. मग साहेब येऊन झाड बघतात, झाडावर नोटीस लावतात, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्यानं मुदतीत कळवावी, आणि मग परवानगी मिळते. रस्त्याकडेचं झाड असेल तर रस्ता ज्याचा त्याचं झाड, त्याचं ऑफिस वेगळं. कायद्यावर माझा राग नव्हता. कुणीही उठावं आणि हिरव्या झाडावर कुऱ्हाड घालावी हे काही बरं नाही. फांदी छाटायलासुद्धा विचारायला लागतं, तेही मी मान्य केलं. माझा जीव नकोसा झाला तो हेलपाट्यांनी.

नगरपरिषदेत झाडांचं काम कुलथे नावाच्या साहेबांकडं होतं. बारीक, सावकाश बोलणारा माणूस. गेलो की आधी बसायला सांगायचा, मग चहा मागवायचा, आणि चहा संपला की काम होणार नाही असं सांगायचा. माझा अर्ज त्यानं नीट वाचला. "बेडगे, बुंधा रस्त्याच्या अंगाला आहे. रस्ता राज्याचा. तुम्ही बांधकाम खात्याकडं जा." मी बांधकाम खात्याकडं गेलो. तिथं सौंदत्ते नावाचे अभियंता होते. ते म्हणाले, झाड तुमच्या अंगणातनं उगवलंय, खाजगी आहे, नगरपरिषदेकडं जा. मी म्हणालो, तसं लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं. ते पत्र बघून कुलथे म्हणाले की हे त्यांचं मत झालं, यावर संयुक्त पाहणी लागेल.

पाहणीच्या दिवशी कुलथे आले तर सौंदत्ते आले नाहीत. मग सौंदत्ते आले तेव्हा कुलथे रजेवर. मी माझं मोटरींचं दुकान बंद करून दोन्ही वेळा दारात उभा. शेतकरी मोटरी घेऊन येत आणि परत जात. अखेर हिवाळ्यात एकदा दोघंही उगवले. सौंदत्त्यांनी उंबराजवळ जाण्याआधी पायातले बूट काढून बाजूला ठेवले. मला वाटलं, नवे असतील. मग टेप काढली. टेपचं एक टोक कुलथ्यांकडं, एक सौंदत्त्यांकडं, आणि दोघंही ती बुंध्याला न टेकवता हातभर लांबून धरत होते. मी म्हणालो, साहेब, जरा चिकटवून धरा, असं माप कसं येईल? कुलथे म्हणाले, "अंदाज घ्यायचाय फक्त."

अंदाज असा निघाला की निम्मा बुंधा आमचा आणि निम्मा रस्त्याचा.

"मग निम्मा मी तोडतो, निम्मा तुम्ही तोडा," मी म्हणालो. दोघांपैकी कुणी हसलं नाही. रात्री जेवताना हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांचं चांगलं असलेलं अर्धं तोंड किंचित हललं, एवढंच.

मी रोज त्यांना सांगत होतो. आज कुलथे काय म्हणाला, आज सौंदत्ते भेटलाच नाही, आज फाईल सापडत नव्हती, सापडली तर वरचं पत्र नव्हतं. मी त्यांच्यासाठीच तर मरत होतो. ते ऐकायचे आणि आंब्याकडं बघत राहायचे. हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. वारं गेल्यापासून ते कशालाच हो-नाही म्हणत नव्हते, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

आंबा मोहरला, मोहर गळला, कैऱ्या धरल्या. उन्हाळा आला. ढग दिसला की मी उंबराकडं बघायचो. एकदा वळवाचा वारा सुटला तेव्हा मी रात्रभर आबांच्या खोलीत उभा होतो, जसा काही झाड आलं तर मी ते हातावर झेलणार होतो. आबा शांत झोपले होते.

मग नगरपरिषदेत नवे मुख्याधिकारी आले. लांबच्या जिल्ह्यातले, तरणे. मी सरळ त्यांच्या दालनात शिरलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी कुलथ्यांना बोलावून माझ्यासमोर विचारलं की धोकादायक झाड आहे, खाली आजारी माणूस आहे, मग अडलंय कुठं? कुलथे खाली बघत म्हणाले, करतो साहेब. आणि काय आश्चर्य, नोटीस निघाली. तीच ती बिरूनं आंब्यावर ठोकलेली.

बिरू गेल्यावर मी ती वाचली. आमच्या मिळकतीलगतचा एक धोकादायक वृक्ष काढण्यात येणार आहे, हरकत असल्यास कळवावे. एक वृक्ष. उंबर हा शब्द त्यात कुठंच नव्हता. मी तसाच कुलथ्यांकडं गेलो. म्हणालो, नोटीस चुकीच्या झाडावर लागलीय, आणि झाडाचं नाव का घातलं नाही?

"बेडगे, सगळ्या गावाला माहीत आहे कुठलं झाड ते. तुम्हाला परवानगी हवी आहे ना? मिळतेय ना? आता त्यात खुसपट काढू नका."

मला परवानगी हवीच होती. घरी येऊन मी आंब्यावरचा कागद अलगद सोडवला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि मोटरीच्या तारेनं उंबराला बांधला. खिळा नाही, खळ नाही, नुसती तार. सकाळी उठून बघतो तर पुठ्ठा परत आंब्यावर. तारेला सुबक पीळ घातलेला. मी शालनला विचारलं. ती म्हणाली, मी न्हाई बाई. अजूनही ती तेच सांगते. मी पुन्हा उंबरावर बांधला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आंब्यावर. शेवटी मी नाद सोडला.

मुदतीत एकही लेखी हरकत आली नाही. शेजारणी तेवढ्या येऊन विचारून गेल्या की आंबा का काढताय, यंदा लोणच्याचं कसं करायचं? मी प्रत्येकीला सांगितलं की आंबा नव्हे, उंबर. हे ऐकल्यावर त्या पदर सावरून निघून जायच्या.

मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं परवानगी हातात पडली तेव्हा रोहिणी नक्षत्र लागलं होतं. झाड काढायला मी वखारवाल्या नाईकवडींना सांगितलं. तालुक्यात मोठी झाडं तेच काढत. वयस्कर माणूस, आबांच्या ओळखीचे. झाड बघायला आले तेव्हा रस्त्याच्या पलीकडं उभं राहूनच त्यांनी बघितलं. माणसं मिळवायला लागतील म्हणाले, कळवतो म्हणाले, आणि शुक्रवार ठरवून गेले.

ते बुधवारीच आले. मी वरच्या वाडीत एका विहिरीवर मोटर बसवायला गेलो होतो. दुपारी परत आलो. आमच्या गल्लीच्या वळणावर आलो तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि काय चुकलं ते कळेना. मग कळलं. आमच्या दारात ऊन पडलं होतं. भरदुपारी त्या पायऱ्यांवर मी कधी ऊन बघितलं नव्हतं.

आंबा आडवा पडला होता. फांद्या उतरवून झाल्या होत्या, सगळीकडं कैऱ्या पसरल्या होत्या, आणि शेजारच्या बाया निमूट त्या गोळा करत होत्या. साखळीची फांदी कापताना करवतीचं पातं साखळीवर आदळून तुटलं होतं. कोपऱ्याला उंबर जसाच्या तसा, आमच्या कौलांवर वाकून उभा.

मी मोटारसायकल तशीच टाकली आणि नाईकवडींची कॉलर धरायचीच बाकी ठेवली. काय बोललो ते सगळं आठवत नाही. त्यांच्या वयाच्या माणसाला बोलू नये असं बरंच बोललो. ते माझ्याकडं बघत नव्हते. परत परत एकच म्हणत होते, "नोटीस ह्येच्यावर हुती, हणमंतराव. आमी नोटीस बघून काम करतो."

"तुम्हाला कंचं झाड ते दाखवलं हुतं मी."

"नोटीस ह्येच्यावर हुती," ते म्हणाले.

मी खिडकीकडं बघितलं नाही. आबांना तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. तसाच नगरपरिषदेत गेलो.

कुलथ्यांनी बसायला सांगितलं. मी बसलो नाही. चुकीचं झाड तोडलंय, म्हणालो. माझ्या वडिलांच्या हातचं झाड गेलं आणि धोक्याचं झाड आहे तसं उभं आहे. आता उद्याच्या उद्या मला उंबराची परवानगी द्या, आणि त्या नाईकवडीवर काय करायचं ते करा.

"परवानगी एका झाडाची होती," कुलथे सावकाश म्हणाले. "एक झाड निघालं. फाईल बंद झाली."

"पण धोका तसाच आहे."

"कागदावर नाही. दुसरं झाड काढायचं तर नवा अर्ज. तो मी नाही म्हणत नाही. पाहणी होईल, बांधकाम खात्याला पत्र जाईल. आणि काढलेल्या झाडाच्या बदल्यात रोपं लावायची आहेत, ती आधी लावून घ्या."

मी टेबलावर हात आपटला. बाहेर बसलेली माणसं वळून आत बघायला लागली. कुलथ्यांनी उठून दार लावून घेतलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. आता त्यांचा आवाज वेगळाच होता.

"बेडगे, नियमाची अडचण कधीच नव्हती. तुमचा अर्ज पहिल्याच महिन्यात मंजूर होण्यासारखा होता. निम्मा बुंधा रस्त्यावर असला तरी दोघांच्या सहीनं होतं. पण सही माझी होणार होती. माझ्या घरी दर गुरुवारी दत्ताचं पारायण असतं. सौंदत्त्यांचा मुलगा नवसाचा आहे. मी तिकडं पाठवायचो, ते इकडं पाठवायचे. कुणीतरी तिसरा सही करेल, म्हणून वाट बघत होतो. तुमच्या वडिलांची काळजी मला नव्हती असं समजू नका. पण त्या झाडाखाली माझी सही नको होती."

 मी त्याच्यावर किती चिडलो होतो, घरी त्याला काय काय म्हणालो होतो. पण तो मुजोर आहे, आळशी आहे, त्याला चार पैसे हवे असतील, असं समजून चिडलो होतो. तो घाबरलाय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि ते कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. चिरीमिरी मागणाऱ्याशी भांडता तरी येतं.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. नाईकवडींवर पोलिसांत तक्रार, कुलथ्यांवर वर तक्रार, आणि गरज पडली तर उंबरावर मीच करवत चालवणार, मग होऊ दे काय दंड व्हायचा तो. मी शालनला कागद आणि पेन मागितलं. तिनं दिलं नाही.

"नाईकवडींवर तक्रार करू नगा," ती म्हणाली.

"का करू नगं?"

"त्येंनी मामंजींना इचारलं हुतं."

 मग तिनं सगळं सांगितलं. माणसं आली, त्यांनी आंब्यावरची नोटीस बघितली, मग उंबराकडं बघितलं आणि करवत खाली ठेवून बसून राहिली. कुणी उठेना. नाईकवडींनी एकदा दोनदा सांगितलं, तरी उठेनात. तेही पुढं होईनात. शेवटी ते खिडकीशी आले आणि म्हणाले, आबा, तुमीच सांगा, कंचं काढू? आबांनी डावा हात उचलला आणि आंब्याकडं केला.

"मी दारात हुते," शालन म्हणाली. "मी म्हणाले, मामंजी, त्यो आंबा हाय. तर त्येंनी परत तिकडंच हात केला. मला वाटलं त्येंना समजंना. म्हणून मी जवळ जाऊन इचारलं, तर माझ्याकडं बघून म्हणाले, आंबा. नीट म्हणाले. आणि तुम्हाला सांगू नगं म्हणून बोट हलवलं. नाईकवडी डोळं पुसत गेले माणसांकडं."

मी आबांच्या खोलीत गेलो. खोलीत इतका उजेड होता की क्षणभर मला ती आपली खोली वाटेना. सगळं ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं आणि ते डोळे बारीक करून पडले होते. मी पुढं होऊन खिडकीत उभा राहिलो, म्हणजे निदान माझी सावली त्यांच्यावर पडेल.

"आबा, आंबा का दाखवला?"

शब्द आणायला त्यांना वेळ लागायचा. मी थांबलो.

"आंबा माजा," ते म्हणाले. "म्या लावला."

"आणि उंबर?"

"त्यो आपला न्हाई."

दोन ऑफिसांत, दोन साहेबांना, हाच एक प्रश्न मी विचारत फिरलो होतो. 

"मग तवाच सांगायचं न्हाई व्हय? मी अर्जच केला नसता. इतकं दिस मी वणवण करतोय आणि तुमी बघत बसलाय."

"आयकलं असतंस?"

 त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. बोटांत अजून ताकद होती.

"अर्जावर तुजं नाव हाय," ते म्हणाले. दम घेतला. "सही तुजी हाय."

कुलथ्याला आपली सही कुठंच नको होती, सौंदत्त्याला आपली नको होती, नाईकवडीला आपला हात नको होता. माझी तेवढी त्या कागदावर पहिल्या दिवसापासून होती, निळ्या शाईत, मोठ्या झोकात केलेली. माझा देवावर विश्वास आहे की नाही याच्याशी आबांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा स्वतःचा होता तेवढा त्यांना पुरेसा होता.

"आणि त्यो तुमच्या अंगावर पडला म्हंजे?" मी ओरडलो. "त्येचं काय? आता दुसरी परवानगी कोण देतंय? पाऊस काय थांबतोय का तुमच्यासाठी?"

आबांनी मान वळवली आणि बाहेर बघितलं. कापलेल्या बुंध्याचा ताजा, पिवळा गोल दिसत होता. त्यापलीकडं रस्ता, उघडा, पांढरा फटक. कुणीतरी सायकलवरून गेलं, खिडकीकडं बघून हात वर करायला लागलं आणि तसंच पुढं गेलं. आबांचा हात उठला नाही.

"आता काय ऱ्हायलंय हितं," ते म्हणाले. "हलीव खाट."

मी ऐकलं नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पुन्हा म्हटलं, "हलीव."

मी शालनला हाक मारली. तिनं पायथ्याकडून धरली, मी उशाकडून. दारातनं खाट सरळ जात नव्हती, म्हणून ती आधी सगळी फिरवून घ्यावी लागली, आणि फिरवताना आबांचं तोंड बरोबर खिडकीसमोर आलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मागच्या खोलीत खाट टेकवून मी "आबा, आलो" म्हणालो, तरी त्यांनी ते उघडले नाहीत.